दोन आठवड्यांनी नोकरीची मुलाखत आहे. नीटनेटकं जायचंय, पण ‘मुलीसारखं’ सजून नाही. काय घालू?

आधी माझ्या कानांची गोष्ट सांगू द्या, मग तुमच्या प्रश्नाकडे येऊ.

पहिल्या मुलाखतीच्या वेळी माझे केस तुमच्यासारखेच बारीक कापलेले होते आणि अंगावर बारा महिने शर्ट-पँट. घरच्यांचं म्हणणंही तुमच्या घरच्यांसारखंच, ‘एका दिवसाचा तर प्रश्न आहे, तेवढं घाल की!’ मी घातलं. लहानपणी टोचलेल्या कानांची भोकं बुजत आली होती, त्यांत सकाळी कानातले रेटून बसवले. मुलाखत सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील नसतील, डावा कान ठणकायला लागला. समोरचे गृहस्थ कॉलेजातल्या प्रकल्पाबद्दल विचारत होते आणि माझं सगळं लक्ष कानाच्या पाळीत. हात सारखा तिकडे. एक प्रश्न तर मी त्यांना दोनदा विचारायला लावला. एरवी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तो प्रकल्प मला घडाघडा सांगता आला असता. नोकरी मिळाली नाही. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्या दिवशी त्या खुर्चीत बसलेलं माणूस कामाचं नव्हतंच.

तुम्ही पेच असा मांडलाय की घरच्यांचं ऐकून कानातले, लिपस्टिक, टाचांचे सँडल घातले तर स्वतःशी खोटं वागल्यासारखं होतं आणि नाही ऐकलं तर नोकरी जाते. मला वाटतं, खोट्याखऱ्याचा हिशेब जरा बाजूला ठेवा. मुलाखतीत सगळं खरं कोण सांगतं? पलीकडचेही सांगत नाहीत. विचार याचा करा की अंगावरचे कपडे सोसण्यात तुमचं डोकं किती खर्च होणार आहे. ते खर्च झालं की उत्तरांना उरत नाही.

लोक ‘व्यवस्थित कपडे घालून जा’ म्हणतात तेव्हा त्यात दोन गोष्टी एकत्र शिवलेल्या असतात. एक, कपडे स्वच्छ, इस्त्रीचे, मापाचे आणि प्रसंगाला साजेसे असावेत. दुसरी, ते बाईला बायकी आणि पुरुषाला पुरुषी असावेत. ही शिवण उसवा. पहिली अट शंभर टक्के पाळा, हवं तर एकशेदहा. दुसरीतलं किती घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. बहुतेक मुलाखत घेणाऱ्यांना हवी असते ती पहिलीच. दुसरी त्यांच्या डोक्यात निव्वळ सवयीने चिकटलेली असते. (आणि या सवयी फार पवित्र मानू नका. पॅरिसमध्ये बाईला पुरुषी पोशाख करायचा तर पोलिसांची परवानगी लागेल, असा हुकूम 1800 साली निघाला होता. तो रद्दबातल असल्याचं सरकारने अधिकृतपणे जाहीर केलं 2013 साली. तोवर शहरभर बायका पँट घालून फिरत होत्याच.)

माझ्या दुसऱ्या मुलाखतीत मात्र उलटं टोक गाठलं गेलं. पुरुषांच्या विभागातून तयार सूट घेतला, टाय लावला. आरशात बघताना जग जिंकल्यासारखं वाटलं. पण खांदे दोन बोटं बाहेर लोंबत होते, बाह्या अंगठ्यापर्यंत, पँटच्या पायाशी चुण्यांचा ढीग. आता तो फोटो बघितला की शाळेच्या नाटकातला इन्स्पेक्टर दिसतो. समोरच्यांना माझं लिंग खटकलं असेल की नाही कोण जाणे, सूट नक्की खटकला असणार. तेव्हा मला या दोन्ही गोष्टी एकच वाटल्या होत्या.

म्हणून, कोणी काहीही म्हणो, तुमच्या-माझ्यासारख्यांचा निम्मा प्रश्न मापाचा असतो. पुरुषी शर्ट सपाट छाती आणि अरुंद नितंब धरून बेतलेला असतो, बायकी शर्ट छातीपाशी टक्स आणि कमरेत आत घेतलेला. दुसऱ्या विभागातला कपडा आपल्या अंगावर कुठेतरी ताणतो आणि कुठेतरी फुगतो. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण ‘काहीतरी विचित्र’ एवढं जाणवतं आणि खापर फुटतं ते तुमच्या वेगळेपणावर.

उपाय शिंप्याकडे आहे. शर्ट किंवा ब्लेझर निवडताना खांदा बघा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे, कारण खांदा दुरुस्त करणं किचकट असतं. बाकी सगळं होतं. बाजूने आत घेता येतं, बाही आखूड करता येते, आत माया सोडलेली असेल तर थोडं सैलही करता येतं. छाती भरलेली असेल आणि दोन बटणांच्या मध्ये शर्ट उघडत असेल तर तिथे आतून एक टिचबटण लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर खाली बघत बसावं लागत नाही. पँट नितंबांच्या मापाने घ्या आणि कमर शिंप्याकडून आत घ्या. पुरुषी पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत त्यासाठी सहसा जागा ठेवलेली असते. बाही मनगटाच्या हाडाशी थांबावी. पुरुषी शर्टाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात आणि बायकी शर्टाची डाव्या. याची तुम्हाला धाकधूक वाटत असेल तर सोडून द्या, आजवर एकाही मुलाखतीत हे कोणाच्या लक्षात आल्याचं मी पाहिलेलं नाही.

बूट साधे, बंद, पॉलिश केलेले. पाय लहान असेल तर मोठ्या मुलांच्या मापात सापडतात. केस बारीक असले तरी चालतं, पण मुलाखतीच्या तीनचार दिवस आधी कापून घ्या. मानेवर वाढलेले केस बारीक केसांना गबाळं करतात.

बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून आतून घालायचा घट्ट कपडा) वापरत असाल तर एक सांगणं आहे. सलग आठ तासांहून जास्त वेळ तो अंगावर नको, आणि त्यात जाण्यायेण्याचा आणि बाहेर ताटकळण्याचा वेळही धरा. बँडेज गुंडाळायचं तर अजिबात नाही, फासळ्यांना इजा होते. शिवाय घट्ट बाइंडरमध्ये श्वास अपुरा पडतो आणि वाक्यं अर्ध्यात तुटतात. मुलाखतीपुरतं नेहमीपेक्षा सैल काहीतरी आत घालून वर जरा जाड कापडाचा शर्ट आणि ब्लेझर घातला तर आवाज सुटा राहतो.

काही वर्षांनी टेबलाच्या पलीकडे बसायची वेळ आली. तिथे असं कळलं की कपड्यांकडे पहिलं अर्धं मिनिट बघितलं जातं आणि मग ते फक्त दोन कारणांनी आठवतात, एकतर कळकट असतील किंवा उमेदवार स्वतः सारखा त्यांच्याशी झटत असेल. पण हे चित्र मी जितकं गोड रंगवतोय असं तुम्हाला वाटेल तितकं ते नाही. एकदा एका उमेदवाराच्या नखांना गडद निळा रंग होता. दाढी राखलेली, कोट उत्तम शिवलेला, उत्तरं चोख. नंतर चर्चेत एक सहकारी म्हणाले, ‘काम येतंय, पण इथे जमेल का?’ ‘जमेल’ म्हणजे काय ते कोणी उलगडून सांगितलं नाही. माझ्याकडूनही ते तेव्हा विचारलं गेलं नाही, हे अजून खुपतं. निवड दुसऱ्याची झाली. तो दुसरा उमेदवार खरोखर थोडा सरसही होता, आणि म्हणूनच अशी गोष्ट सिद्ध करता येत नाही.

न्यायालयांतही याचा निकाल एका दिशेने लागलेला नाही. अमेरिकेत अ‍ॅन हॉपकिन्स नावाची बाई प्राइस वॉटरहाउस या हिशेबनिसांच्या कंपनीत होती. 1982 साली भागीदारीसाठी 88 नावं पुढे आली, त्यात बाई ती एकटी. कंपनीला मोठं काम तिने मिळवून दिलं होतं. तरी तिला सल्ला मिळाला की चालणं-बोलणं-कपडे जरा बायकी ठेव, मेकअप कर, केस नीट करून घे, दागिने घाल. ती भांडली आणि 1989 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, बाईने कसं दिसावं याच्या ठोकळेबाज कल्पनेवरून बढती नाकारणं हाही भेदभावच. पण डार्लीन जेस्पर्सनचा निकाल बघा. ती अमेरिकेतल्याच रीनो शहरातल्या एका कॅसिनोत दोन दशकं बारवर काम करत होती. नवा नियम आला की बायकांनी मेकअप केलाच पाहिजे, आणि तो न पाळल्यामुळे तिची नोकरी गेली. 2006 साली ती अपिलात हरली. तिचं म्हणणं असं होतं की मेकअप करून पाहिला, पण त्यात इतकं अवघडायला होतं की कामच नीट होत नाही. न्यायाधीशांच्या बहुमताला ते पुरेसं वाटलं नाही. मला मात्र माझा डावा कान आठवतो आणि तिचा शब्दन्‌शब्द पटतो.

या निकालांचा तुम्हाला दोन आठवड्यांनी मुलाखतीत थेट उपयोग नाही. एवढंच की जिथे नियम लेखी असतात तिथे आधी विचारून घेतलेलं बरं. मुलाखतीचं बोलावणं देणाऱ्या व्यक्तीला सरळ विचारा, ‘पोशाखाबाबत काही अपेक्षा आहे का?’ यात तुमच्याबद्दल काहीच उघड होत नाही, पण उत्तरातून त्यांच्याबद्दल बरंच कळतं. ‘फॉर्मल असलं की झालं’ हे एक उत्तर. ‘मुलींनी हे, मुलांनी ते’ अशी यादी आली तर तिथे रोज काय ऐकावं लागेल याचा अंदाज आजच आला म्हणायचं.

आता आपल्या भाषेची अडचण. कपड्यांचं कितीही नीट ठरवलं तरी मराठीत तोंड उघडलं की क्रियापद चुगली करतं. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, ‘मी करतो’ की ‘मी करते’, मधे थांबायची सोय नाही. ‘मी गेले’ म्हणायला तुम्हाला काही वाटत नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. वाटत असेल तर मराठीनेच एक वाट ठेवलीय. भूतकाळात कर्म असलेलं वाक्य केलं की बहुतेक वेळा क्रियापद कर्माच्या मागे जातं, बोलणाऱ्याच्या नाही: ‘मी अहवाल लिहिला’, ‘मी यंत्रणा उभी केली’, ‘मी दोन वर्षं हिशेब सांभाळले’. भविष्यकाळ तर साफच आहे, ‘मी करेन’, ‘मी शिकेन’. ‘मला जमतं’, ‘माझ्याकडे ते काम होतं’ यांतही काही कळत नाही. गंमत म्हणजे मुलाखतीला ही वाक्यं तशीही जास्त चांगली, कारण त्यात काय केलं ते नेमकं सांगावं लागतं. हे उत्तर लिहिताना मी तेच करायचा प्रयत्न केलाय. वर एका ठिकाणी ‘रंगवतोय’ निसटलंय, सापडलं का? जाणूनबुजून ठेवलंय असं म्हणणार होतं मन, पण नाही, सवयीने निसटलं. तुमचंही एखादं निसटेल. थांबू नका, पुढचं वाक्य बोला.

पैशांची निकड असेल, घर तुमच्यावर चालत असेल, तर कानातले घालून जा आणि नोकरी घ्या. त्याबद्दल तुम्हाला उपदेश करायचा हक्क कोणालाच नाही. फक्त एक हिशेब मनात असू द्या, तुम्ही त्या दिवशी जे घालाल त्याच माणसाची ते सोमवारपासून वाट बघतील. पहिल्या आठवड्यात कानातले, दुसऱ्यात टाचा असं एकेक कमी करत जाता येतं. बऱ्याच जणांनी तसं केलेलं मी पाहिलंय आणि सहसा कोणी चकार शब्द काढत नाही.

ऑनलाइन मुलाखत असेल तर कॅमेऱ्यात छातीपर्यंतच दिसतं, म्हणजे सगळा भार कॉलरवर. कडक कॉलरचा एकच चांगला शर्ट पुरतो. कागदपत्रांवरचा फोटो लांब केसांचा असेल तर ‘फोटो जुना आहे’ एवढं एका वाक्यात सांगा आणि कागद पुढे करा. त्याहून लांब खुलासा दिला तर समोरच्याला वाटतं की इथे काहीतरी विचारण्यासारखं आहे.

दोन आठवडे हातात आहेत, म्हणजे शिंप्याकडे याच आठवड्यात जायला हवं. कपडे आले की बूटमोजांसकट सगळं घालून घरात दोन तास काढा. खुर्चीत बसा, खाली पडलेलं पेन उचला, जिना चढा, आणि कोणाला तरी समोर बसवून मोठ्याने उत्तरं द्या. त्या माणसाला उत्तरांकडे लक्ष द्यायला सांगू नका, तुमचा हात कुठे जातो ते मोजायला सांगा. एकाच जागी तीनदा गेला तर ती वस्तू बदला.