कोल्हापुरात कॉलेजमध्ये होणारी शाश्वत वास्तुरचनेवरची व्याख्याने आणि प्रदर्शने सामान्य माणसाच्या कामाची असतात का?

घर बांधायला काढले आहे, स्थापत्याचे शिक्षण नाही, तर आर्किटेक्चर कॉलेजच्या अशा कार्यक्रमांना जाऊन काही पदरात पडेल का, असे आपण विचारले आहे. मी इथेच बांधकाम व्यवसायात आहे आणि सवड काढून या कार्यक्रमांना जातो. अवश्य जावे, एवढेच नव्हे तर नकाशा पक्का होण्याआधी जावे, असे माझे मत आहे.

व्याख्यानातून पार्श्वभूमी कळते. जगातील कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्क्यांच्या घरात आहे आणि त्यातला मोठा भाग इंधनाचा नसून भट्टीत चुनखडी भाजताना तिच्यातूनच बाहेर पडणाऱ्या वायूचा असतो, हे समजले की सिमेंट जपून वापरण्याचे कारण पटते. पण आपल्या भिंतीचे नेमके काय करायचे, हे प्रदर्शनातच उमगते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेल्या रॅट-ट्रॅप बाँडच्या भिंतीचा नमुना कुठे मांडलेला दिसला, तर तिथे थांबून नीट पाहा. या पद्धतीत वीट आडवी न बसवता कडेवर उभी बसवतात. त्यामुळे नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते, विटा सुमारे 25 टक्क्यांनी कमी लागतात, मसालाही वाचतो आणि पोकळीतल्या हवेमुळे बाहेरचे ऊन आत पोहोचायला वेळ लागतो. हे कागदावर वाचून लक्षात येत नाही. अर्धवट रचलेल्या थराच्या पोकळीत बोटे घालून पाहिली की लगेच कळते.

रंगीत चित्रांपुढे फार रेंगाळू नका. इमारतीचा उभा छेद दाखवणारे रेखाचित्र शोधा, कारण जोत्याची उंची, छज्ज्याची लांबी, हवा कुठून येते आणि कुठून जाते, हे त्यातच दिसते. कोल्हापूरच्या बाबतीत मी एक प्रश्न हमखास विचारतो: यात पूररेषा कुठे आहे? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे आणि 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले होते. नदीकाठचा एखादा प्रकल्प सौर पॅनेल आणि हिरव्या गच्चीने सजलेला असला, पण वीजमीटर आणि पाण्याची मोटर तळमजल्यावरच असली, तर त्याला शाश्वत म्हणायला माझे मन धजत नाही. विद्यार्थ्यांना हा प्रश्न आवडतो, असा माझा अनुभव आहे. ती मुले वर्षभर त्या एका कामात बुडालेली असतात आणि कुणी मनापासून विचारले तर भरभरून सांगतात.

जाताना आपल्या प्लॉटची लांबी-रुंदी, दिशा, रस्ता कोणत्या अंगाला आहे आणि मागच्या पुरात पाणी कुठवर आले होते, हे कागदावर लिहून न्या. गच्चीच्या पाण्याचा हिशेबही तिथेच मांडून घेता येतो: 1,000 चौरस फुटांच्या गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 9,300 लिटर पाणी पडते, आणि आपल्याकडे जुलैत एवढा पाऊस व्हायला फार दिवस लागत नाहीत.

कार्यक्रम सर्वांसाठी खुला आहे की नाही, हे कॉलेजच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे. आणि शक्य झाल्यास आपल्या गवंड्यालाही बरोबर न्यावे. पोकळ भिंत म्हटले की बहुतेक गवंडी सुरुवातीला नकारच देतात; पण नमुना स्वतः हाताळला की कोपऱ्यात आणि चौकटीजवळ थर भरीव कसा घ्यायचा, याची चर्चा तेच सुरू करतात.