सीएफइंजिनची पॉलिसी लिहायला घेताना

सीएफइंजिन म्हणजे अनेक सर्व्हरचं कॉन्फिगरेशन आपोआप सांभाळणारं साधन, आणि सर्व्हर कसा असावा हे त्याला सांगणाऱ्या फाइल्स म्हणजे पॉलिसी. तिच्यातलं एकेक विधान म्हणजे प्रॉमिस, आणि प्रॉमिसेसचा गट म्हणजे बंडल. सगळ्या सर्व्हरचं सगळं एकाच बंडलमध्ये कोंबू नकोस. एसएसएच (दुरून लॉगिन), एनटीपी (घड्याळ जुळवणं), वेब सर्व्हर, प्रत्येकाला वेगळी फाइल आणि वेगळं बंडल दे. मास्टरफाइल्स या पॉलिसीच्या मुख्य डिरेक्टरीत सीएफइंजिनसोबत आलेली लिब डिरेक्टरी असते, तिला हात लावू नकोस, नाहीतर नवी आवृत्ती घेताना फार त्रास होतो.

नवख्यांना सगळ्यात जास्त छळतो तो क्रम. तू पॅकेजेस (बसवायची सॉफ्टवेअर) वर लिहिलंस आणि फाइल्स खाली, तरी एजंट, म्हणजे सर्व्हरवर पॉलिसी राबवणारा प्रोग्रॅम, आधी फाइल्सच हाताळतो, मग पॅकेजेस, आणि कमांड्स बऱ्याच उशिरा. हा क्रम ठरलेला असतो आणि एका बंडलवर जास्तीत जास्त ३ फेऱ्या होतात. म्हणून पॅकेज बसल्यावर एक क्लास (खरी ठरली की लागू होणारी अट) लागेल असं कर आणि कॉन्फिग फाइलचं प्रॉमिस त्या क्लासला बांध. वरून खाली वाचत जाणाऱ्या शेल स्क्रिप्टची सवय इथे सोडावीच लागते.

बदल केलास की आधी सीएफ-प्रॉमिसेस या कमांडने पॉलिसीचं व्याकरण तपास. मग चाचणीच्या एकाच मशीनवर एजंट हाताने चालव, कॅपिटल के (लॉक न पाळणं) आणि कॅपिटल आय (काय बदललं ते दाखवणं) हे पर्याय देऊन. के नसेल तर मिनिटभरात पुन्हा चालवलेला एजंट लॉकमुळे (तेच काम लगेच पुन्हा होऊ नये म्हणून असलेली अडवणूक) ती प्रॉमिसेस सोडून देतो, आणि माणूस उगाच पॉलिसीत चूक शोधत बसतो. तरीही उलगडलं नाही, तर व्हर्बोज (सविस्तर) आउटपुटमध्ये कोणते क्लासेस लागलेत ते बघ. बहुतेक वेळा हवा तो क्लासच लागलेला नसतो.