सेल्फ-हेल्प पुस्तकं वाचून दोन दिवस भारी वाटतं, मग परत जैसे थे. दोष माझ्यात आहे की पुस्तकांत?

तुम्ही लिहिलंय की पंधरा-वीस पुस्तकं वाचून झाली, वाचताना अंगात वारं भरतं आणि दोन दिवसांत सगळं पुन्हा मूळपदावर. शेवटी विचारलंय, पुढचं कोणतं वाचू, की हा नाद सोडून स्वतःची प्रेरणा स्वतःच शोधू, आणि शोधायची तर कुठे. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, कोणतंच नको, निदान सहा महिने तरी. बाकीचं मला धड सांगता येईल की नाही बघू, पण ते "दोष माझ्यात आहे का" वाचलं आणि राहवेना, कारण हा प्रश्न मी स्वतःला कित्येक वर्षं विचारलाय आणि माझ्या धाकट्या काकांनी दरवेळी त्याचं उत्तर "हो, तुझ्यातच" असं दिलंय.

मी बोलताना अडखळतो. लहानपणापासून. शाळेत पोरं तोतऱ्या म्हणायची, ते सोडा, पोरं काय कुणालाही काहीही म्हणतात. घरात मात्र या प्रकाराला 'कॉन्फिडन्स कमी आहे' असं नाव पडलं आणि एकदा ते नाव पडलं की औषध ठरलेलंच, पुस्तक. काकांनी पहिलं मी आठवीत असताना दिलं. मग दर वाढदिवसाला एक, परीक्षा झाली की एक, इंटरव्ह्यूत आपटलो की दोन. नोकरी लागेपर्यंत कपाटाचा अख्खा कप्पा भरला होता, एकदा मोजली तर एकोणचाळीस निघाली. आणि सगळी वाचली बरं का, दोन रंगांच्या पेनांनी खुणा करत, त्यामुळे 'नुसती कपाटात ठेवून काय होणार' हे मला कुणी ऐकवू नये.

त्यातल्या एकात आरशाचा उपाय होता. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून दहा वेळा म्हणायचं, मी आत्मविश्वासाने बोलतो, लोक माझं ऐकतात. एकवीस दिवस. केलं मी ते, एक दिवस न चुकवता. आणि गंमत काय, आरशासमोर मी एकदाही अडखळलो नाही. कसा अडखळणार? अडखळणाऱ्या कुणालाही विचारा, एकटं असलं की जीभ सरळ चालते, गाताना चालते, चार जणांबरोबर एका सुरात म्हणताना चालते, समोर ऐकणारा आला की बसते. म्हणजे मी एकवीस दिवस नेमक्या त्याच जागी सराव केला जिथे मला काही प्रॉब्लेमच नव्हता. बाविसाव्या दिवशी एका इंटरव्ह्यूसाठी फोन आला, पलीकडच्या बाईंनी विचारलं कोण बोलतंय. माझं नाव 'म'ने सुरू होतं. म म्हणायला ओठ मिटावे लागतात, ते मिटले ते उघडेचनात. पलीकडून हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये, आणि फोन कट. आपलं स्वतःचं नाव हा सगळ्यात वाईट शब्द, कारण बाकी कुठलाही शब्द अडला तर बदलता येतो.

काकांना सांगितलं. काका म्हणाले, "तू मनापासून म्हटलं नसशील."

माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे. तापाची गोळी घेऊन ताप उतरला नाही तर डॉक्टर गोळी बदलून देतात, तू मनापासून गिळली नाहीस असं म्हणत नाहीत. या पुस्तकांची रचनाच अशी असते की जमलं तर श्रेय पुस्तकाचं आणि नाही जमलं तर खोट तुमच्यात. मग त्या खोटीवर उपाय म्हणून पुढचं पुस्तक. सॅम्युअल स्माइल्स नावाच्या माणसाने 'सेल्फ-हेल्प' याच नावाचं पुस्तक १८५९ साली काढलं, तेव्हापासून हा धंदा चालू आहे आणि माणसं अजून तिथेच आहेत, हे मी काकांना एकदा म्हटलं तर म्हणाले इतकी वर्षं चालतंय म्हणजे काहीतरी तथ्य असणारच. आता काय बोलणार.

तो एकवीस दिवसांचा आकडाही बघा कुठून आलाय. मॅक्सवेल माल्ट्झ म्हणून अमेरिकेत एक प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस तरी लागतात. यातला 'निदान' पुढच्यांनी खाल्ला, चेहरा गाळला आणि उरलं काय, तर कुठलीही सवय एकवीस दिवसांत. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या लोकांनी ९६ जणांवर खरोखर मोजून पाहिलं, जेवणाबरोबर पाणी पिणं, थोडं धावणं असल्या साध्या सवयींवर, तर सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब. आणि आरशातल्या वाक्यांचं तर अजून वाईट. कॅनडातल्या जोअॅन वुड या बाईंनी २००९ साली दाखवलं की ज्यांना मुळात स्वतःबद्दल बरं वाटत नाही त्यांच्याकडून असली गोडगोड वाक्यं म्हणून घेतली तर त्यांना आणखी वाईट वाटतं. ज्यांना आधीच बरं वाटत होतं त्यांना किंचित बरं वाटलं. म्हणजे ज्याला गरज त्यालाच बाधतं. हे मला त्या फोनच्या दिवशी माहीत असतं तर काकांच्या तोंडावर टाकलं असतं.

अजून एक राहिलंच, तो ग्रीक. डेमॉस्थेनिस. तोंडात खडे धरून भाषणाचा सराव केला आणि मोठा वक्ता झाला, ही गोष्ट माझ्या एकोणचाळीसपैकी कमीत कमी सहांमध्ये होती. मी केलं. धुऊन घेतलेले तीन छोटे खडे. एक घशाशी गेला, खोकून खोकून डोळ्यांतून पाणी, आई धावत आली. तुम्ही करू नका. आणि माझं म्हणणं असं की खडे तोंडात धरून काहीच न झालेले जे शेकडो अडखळे असतील त्यांची गोष्ट कोण लिहिणार, जो वक्ता झाला त्याचीच लिहिली जाते.

बरं, आता मुद्द्यावर येतो, प्रेरणा कुठे मिळते वगैरे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या ऑफिसातलं झेरॉक्स मशीन बिघडलं. प्रत्येक कागदावर उभी काळी रेघ. सर्व्हिसवाला आला, पन्नाशीचा असेल, शर्टाच्या खिशाला टोनरचा काळा डाग. त्याने मशीन उघडलं, आत टॉर्च मारला, उभा राहिला, आणि आम्हा चौघांना, त्यात आमचे साहेबही होते, सांगायला लागला की ड्र... ड्र... आणि अडकला. माझ्यापेक्षा वाईट अडकला. मान ताणली गेली, एक पापणी फडफडायला लागली. मला ते बघवेना, मी कागदाच्या गठ्ठ्याकडे बघायला लागलो, खरं सांगतो, पळून जावंसं वाटलं. आमच्या साहेबांना कुणाचं वाक्य पूर्ण करायची भारी हौस, ते म्हणाले, "ड्रॉवर?" तो म्हणाला, "नाही." शांतपणे. आणि पुन्हा पहिल्यापासून, ड्र... ड्र... ड्रम. ड्रमवर चरा पडलाय. टोनर बदलून उपयोग नाही, ड्रमच बदलायला लागेल. मग पुढची दहा मिनिटं तो बोलत होता, ड्रम हा शब्द आठ-दहा वेळा आला असेल, निम्म्या वेळी अडला, आणि त्याने एकदाही मान खाली घातली नाही, सॉरी म्हटलं नाही, की तो शब्द टाळला नाही. थांबायचा, समोरच्याकडे बघत राहायचा, शब्द आला की पुढे. शेवटी शेवटी तर साहेबही गप्प उभे होते. काय बिघडलंय आणि काय करायचं ते आम्हा चौघांनाही नीट कळलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. मी तोवर शब्द बदलण्यात पटाईत झालो होतो. 'मंगळवार' अडणार असं वाटलं की 'परवा' म्हणायचं, 'मदत' ऐवजी 'हातभार'. इतकंच काय, फोनवर नाव सांगायची वेळ आली की मी सरळ दुसरंच सोपं नाव सांगायचो, एका ठिकाणी तर तीन वर्षं लोक मला त्या नावाने ओळखत होते आणि पार्सलं त्याच नावाने यायची. डोक्यात सतत एक डिक्शनरी उघडी. दमायला व्हायचं. दिवसभर मी काय बोलायचं याचा विचार करतच नव्हतो, काय बोलायचं नाही याचाच करत होतो.

तर तो निघाला तेव्हा मी त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेलो. विचारायला मला किती वेळ लागला ते मोजलं नाही, पण तो थांबला, मध्ये बोलला नाही. मी विचारलं की चार माणसांसमोर अडकायची भीती नाही का वाटत तुम्हाला. तो म्हणाला, "वाटते ना. पण ड्रमला दुसरं काय म्हणू?"

बस. पाठीवर हात नाही, डोळ्यांत डोळे घालून उपदेश नाही, बॅग उचलून गेला. नाव विचारायचं राहिलं. त्याला आठवतही नसेल. मी मात्र दुसऱ्या दिवशी जिथे खोट्या नावाने ओळखत होते तिथे फोन केला आणि सांगितलं की माझं खरं नाव अमुक आहे, तेवढी नोंद बदला. नाव निघायला सात-आठ सेकंद लागले असतील, घाम फुटला होता, पलीकडचा मुलगा नुसतं "बरं" म्हणाला. एवढंच. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल.

एकोणचाळीस पुस्तकांनी जे झालं नाही ते झेरॉक्सच्या ड्रमने कसं केलं याचा मी बराच विचार केलाय. अल्बर्ट बांडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'आपल्याला हे जमेल' असं माणसाला वाटायला लागतं ते चार वाटांनी. एक, स्वतः करून पाहिलं आणि जमलं. दोन, आपल्यासारख्याच कुणाला तरी करताना पाहिलं. तीन, कुणीतरी सांगितलं की तुला जमेल. चार, त्या वेळी आपल्या शरीराची काय अवस्था आहे ते, म्हणजे धडधड, घाम वगैरे. यात सगळ्यात दणकट पहिली. पुस्तक कितीही भारी असलं तरी ते तिसरीच वाट आहे, सांगणं. त्यातून सांगणारा कोण, तर व्यासपीठावरचा, जिंकून झालेला. माझा मशीनवाला जिंकलेला नव्हता, अजून अडखळतच होता आणि काम करत होता. मला कधी कुणी दाखवलंच नव्हतं की असंही जगता येतं. काकांच्या पुस्तकांत एक तर पडलेले असायचे किंवा शिखरावर पोचलेले, मधला कुणी नव्हताच.

म्हणून तुमच्यासाठी सांगायचं तर, प्रेरणा शोधू नका, माणूस बघा. तुमची जी नेमकी अडचण आहे (ती तुम्ही प्रश्नात लिहिलीच नाहीये, 'आयुष्य बदलायचंय' म्हणजे काय ते तुम्हालाच ठाऊक) ती असलेला आणि तरी आपलं रोजचं काम उरकणारा कुणी. अब्जाधीश नको, खेळाडू नको. आणि त्याला गुरू वगैरे करू नका, त्याला काही सांगायचंही नसेल, नुसतं बघा. मग लगेच, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, त्यातलं सगळ्यात छोटं काहीतरी स्वतः करा. आणि तोवर कुणी "मनापासून करत नाहीस" म्हणालं, घरचं असो की बाहेरचं, तर त्याला विचारा की मनापासून म्हणजे किती, मोजून दाखवा. मी हे काकांना कधीच विचारू शकलो नाही, इथे लिहितोय.

आता खाली लोक शिव्या घालायच्या आत कबूल करतो. सगळीच पुस्तकं टाकाऊ नसतात. अडखळणाऱ्यांनीच अडखळणाऱ्यांसाठी लिहिलेली एक पुस्तिका मला पुढे मिळाली, मुद्दाम अडखळून बघा, समोरच्याला आधीच सांगून टाका की वेळ लागेल, असल्या साध्या गोष्टी होत्या, ती अजून माझ्याजवळ आहे. म्हणजे एकच नेमकी गोष्ट कशी करायची हे सांगणारं पुस्तक कामाचं असतं. सौम्य डिप्रेशनमध्ये सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत) यावरच्या काही पुस्तकांचा फायदा होतो हेही तपासलं गेलंय. पण खरंच खचून गेला असाल, झोप उडाली असेल, तर हे उत्तर बंद करा आणि डॉक्टर गाठा. स्पीच थेरपीलाही मी नंतर वर्षभर गेलो, नुसत्या मशीनवाल्यावर निभावलं नाही. आणि मी बरा वगैरे झालेलो नाही, अजूनही अडखळतो. शंभरात साधारण एक मोठा माणूस अडखळतो, त्यातले बहुतेक पुरुष, आणि याचं मूळ मेंदू आणि आनुवंशिकतेत आहे, कॉन्फिडन्समध्ये नाही, एवढं तरी आता कळलंय.

काका अजून पाठवतात. परवा चाळिसावं आलं. मिळालं म्हणून कळवायला फोन केला, प... प... वर अडलो. काका घाईघाईने म्हणाले, "पार्सल?"

नाही म्हटलं. आणि परत पहिल्यापासून, पुस्तक.