अधर्मी, निधर्मी की नास्तिक?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या सचिवबाईंचा प्रश्न आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत खजिनदारपदासाठी एका सभासदाचं नाव पुढे आलं. गृहस्थ हिशेबाला पक्के, गणपतीची वर्गणी वेळेवर देणारे, पण आरतीला न येणारे. देव मानत नाही असं उघड सांगणारे. त्यावर एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले, "ज्याला धर्म नाही त्याला नीती कुठली? अधर्मी माणसाच्या हातात सोसायटीचा पैसा नको." मागून कोणीतरी दुरुस्ती केली, "अहो काका, अधर्मी नव्हे, निधर्मी म्हणा." काका म्हणाले, "एकच ते!" आता इतिवृत्त लिहायचंय आणि बाई विचारतात, हे दोन शब्द खरंच एक का? नसतील तर या गृहस्थांना कुठला लागू पडतो? आणि धर्मावाचून नीती मराठीत उभीच राहत नाही का?

एक नाहीत. संस्कृत वैयाकरणांनी नकारार्थी 'अ'चे सहा अर्थ सांगितलेत. त्यातला एक अभाव, एक विरोध. विरोधाचं उदाहरण म्हणून परंपरेनं जो शब्द देतात तो नेमका 'अधर्म'च आहे. म्हणजे अधर्म म्हणजे धर्म नसणं नव्हे, धर्माच्या उलट वागणं. रावण अधर्मी, आणि तोच रावण मोठा शिवभक्त. त्याच्या श्रद्धेत काही कमी होतं असं कोणी म्हणत नाही. खोट निघाली ती वागण्यात. तेव्हा एखाद्याला 'अधर्मी' म्हणणं म्हणजे त्याच्या देवघराबद्दल बोलणं नव्हे, त्याच्या कृत्याबद्दल बोलणं. कृत्य दाखवता येत नसेल तर ती निव्वळ शिवी होते.

'निधर्मी'तला 'नि' हा निकामी, निलाजरा यांतला मराठी 'नि'. संस्कृतानं 'निर्धर्म' केलं असतं. अर्थ सरळ, धर्म नसलेला. हा शब्द माणसांपेक्षा राज्यालाच अधिक लावला गेला. 'निधर्मी राज्य' ही जुन्या अग्रलेखांतली नेहमीची जोडी. पुढे तिची जागा 'धर्मनिरपेक्ष'नं घेतली. 1976च्या 42व्या घटनादुरुस्तीनं संविधानाच्या उद्देशिकेत आलेल्या 'सेक्युलर' या शब्दासाठी मराठी पाठात 'धर्मनिरपेक्ष' आहे, हिंदी पाठात मात्र 'पंथनिरपेक्ष'. राज्य पंथापासून अलग राहू शकेल, धर्मापासून कसं राहील, हा विचार त्या हिंदी निवडीमागे उघड दिसतो. तो पटो न पटो, 'धर्म' या शब्दाची अडचण मात्र तिथे बरोबर पकडली आहे. (तिसरा भाऊ 'विधर्मी', म्हणजे परधर्माचा. तो या सभेत कोणी काढला नाही हे बरंच झालं.)

राहिला 'नास्तिक'. पाणिनीचं सूत्र आहे, 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः'. 'आहे' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक. काय आहे आणि काय नाही, हे सूत्र सांगत नाही. सूत्राचा अर्थ लावणाऱ्या जुन्या टीकाकारांनी तिथे 'परलोक' घातला. मनुस्मृतीनं 'नास्तिको वेदनिन्दकः' म्हणून ती जागा वेदाला दिली. देव तिथे बराच उशिरा येऊन बसला. गंमत अशी की जुन्या हिशेबानं पूर्वमीमांसक, म्हणजे वेदांतल्या विधींचा अर्थ लावणारे शास्त्री, हे पक्के आस्तिक. वेद त्यांना शिरोधार्य, पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांनी मानला नाही. आणि त्यांच्या शास्त्राचं पहिलंच सूत्र काय, तर 'अथातो धर्मजिज्ञासा'! धर्म म्हणजे काय याचा कीस ज्यांनी सर्वांत जास्त काढला त्यांचंच ईश्वरावाचून अडलं नाही. तुमच्या गृहस्थांना काटेकोर शब्द हवा असेल तर 'निरीश्वरवादी' म्हणा. 'नास्तिक' आजच्या बोलीत चालतो, ते स्वतःही तोच वापरतात, तेव्हा त्यालाही हरकत नाही.

आता काकांचं वाक्य. 'ज्याला धर्म नाही त्याला नीती कुठली' हे ऐकायला ठसठशीत आहे, आणि मला विचाराल तर एका अर्थी खरंही आहे. पण त्यातला 'धर्म' वाक्याच्या सुरुवातीला एक असतो आणि शेवटापर्यंत दुसराच होतो.

आपण दिवसभरात हा शब्द कसा वापरतो ते बघा. गावाला जाताना किल्ली समोरच्या फ्लॅटमध्ये ठेवतो, तो शेजारधर्म. निवडणुका आल्या की पक्ष एकमेकांना युतीधर्म शिकवतात. पाण्याचे, लोखंडाचे असतात ते गुणधर्म. दारावरची म्हातारी 'धर्म कर माय' म्हणते तेव्हा ती भाकरी मागत असते, दीक्षा नव्हे. विश्वस्त संस्थांवर देखरेख करणारा अधिकारी धर्मादाय आयुक्त. त्याच्याकडे मंदिराची नोंद असते, दवाखान्याची आणि वाचनालयाचीही असते. 'धर्म करता कर्म उभं राहतं' या म्हणीतला धर्म म्हणजे भलेपणा. यातल्या एकाही ठिकाणी समोरचा कुठला देव मानतो याची चौकशी नाही. महाभारतातली 'धारणाद्धर्म' ही व्युत्पत्ती सगळ्यांच्या परिचयाची आहे, धारण करतो, धरून ठेवतो तो धर्म. मराठीनं तो अर्थ अजून सोडलेला नाही.

या अर्थाचा पुरावा आपल्याच मुलखात दगडावर आहे. नालासोपाऱ्याजवळच्या सोपारा इथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले, आठव्या लेखाचा 1882 मध्ये, नवव्याचा 1956 मध्ये. 2014 साली पालघर वेगळा होईपर्यंत हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. हा नववा लेख मला फार आवडतो. अशोक म्हणतो, लोक आजारपणात, लग्नात, मूल झालं की, प्रवासाला निघताना, नाना मंगलविधी करतात. करू देत, पण त्यांचं फळ थोडं. खरा मंगलविधी धर्माचा, आणि तो काय, तर दास आणि नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा आदर, प्राण्यांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. विधी एका बाजूला आणि धर्म दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी करणारा हा मजकूर सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. घरकामाला येणाऱ्या बाईचा पगार महिनाअखेर न रखडवणं हे त्या यादीत पहिल्या क्रमांकावर बसेल.

तर धर्माचा हा अर्थ धरला की काकांचं वाक्य खरं, कारण मग धर्म आणि नीती जवळजवळ एकच. पण मग आरतीला न येणं हा पुरावाच उरत नाही. आणि धर्म म्हणजे रिलिजन, जातीच्या दाखल्याशेजारी लिहायचा तो, असा अर्थ धरला तर आरतीचा मुद्दा लागू होतो, पण 'नीती कुठली' हा निष्कर्ष सुटतो. दोन्ही फायदे एकाच शब्दातून हवेत, तिथे वाद बिघडतो.

काकांच्या बाजूनं बोलायचं तर मराठी त्यांना अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. 'इमान' घ्या. अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा, ईश्वरावरचा विश्वास. फारसीतून आपल्याकडे इमानदार आला, बेइमान आला. श्रद्धा नसलेला तो लबाड, हे समीकरण त्या शब्दाच्या पोटात आहेच. फक्त मराठीत येता येता त्यातली श्रद्धा गळाली आणि निष्ठा उरली. आपण कुत्र्याला इमानी म्हणतो, आणि कुत्रा कुठल्या पंथाचा असतो?

'माळकरी' हा आणखी भक्कम साक्षीदार. 'त्यानं माळ घातलीय' म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. दारू नाही, मांस नाही, खोटं बोलायला जीभ कचरेल. गावाकडे अशा माणसाकडे व्यवहार सोपवताना लोकांना धीर येतो, आणि तो धीर उगाच येत नाही. रोजचा हरिपाठ, एकादशी, चारचौघांत घातलेली माळ यांनी माणूस बांधला जातो. पुष्कळांना नीती अशीच, धर्माच्या हातून मिळते. हे नाकारणारा नास्तिक मला जरा हटवादी वाटतो. पण त्या माळेकडून आपली अपेक्षा कसली असते बघा, वागण्याचीच. ती पुरी झाली नाही की हीच मराठी 'वरून कीर्तन, आतून तमाशा' म्हणायला मागेपुढे पाहत नाही.

'पापभीरू' हे तर प्रामाणिक माणसाला मिळणारं ठेवणीतलं प्रशस्तिपत्र. त्यात भीती आहे, पण कशाची? देवभीरू असा शब्द आपण रुळवला नाही, पापभीरू रुळवला. आणि पाप म्हणजे काय ते तुकोबांनी एका ओळीत मिटवलंय, 'पुण्य पर उपकार, पाप ते परपीडा'. विठ्ठलावाचून ज्यांना क्षणभर करमत नव्हतं त्यांनी केलेली ही व्याख्या आहे, आणि तिच्यात विठ्ठल घातलेला नाही. त्याउलट 'देवभोळा' पाहा. प्रेमानं म्हणतो, थोडी कीव करून म्हणतो, पण खजिनदार नेमताना ही शिफारस म्हणून कोणी वापरणार नाही. आणि 'देवमाणूस' म्हणतो तो रात्री-अपरात्री दार उघडणाऱ्या डॉक्टरला. तो देव मानतो का, हे आपल्याला ठाऊकही नसतं.

हिशेबाच्या माणसासाठी मराठीचा रोजचा शब्द आहे 'प्रामाणिक', आणि तो आला 'प्रमाण'वरून. हिंदीत प्रामाणिक म्हणजे अस्सल, अधिकृत. सचोटीचा या अर्थी तो मुरला मराठीत. ज्याच्या बोलण्याला प्रमाण आहे, दाखवता येतं, तो. बाईंनी पत्रात जाता जाता लिहिलंय की मागच्या वर्षी पाण्याची टाकी धुणाऱ्या ठेकेदाराला एकाच बिलाचे दोनदा पैसे गेले होते, ते याच गृहस्थांनी जुनी व्हाउचरं चाळून पकडलं. याला प्रामाणिक म्हणा, चोख म्हणा. सभेत हे दोन्ही शब्द कोणाला आठवले नाहीत आणि चर्चा आरतीवर गेली, याचं मला जास्त नवल वाटतं.

बरं, शब्द बाजूला ठेवून मूळ प्रश्नच घ्या, देव नसेल तर चांगलं-वाईट ठरवायचं कोणी? सॉक्रेटिसच्या तोंडी हा पेच फार जुन्या काळी आला आहे. एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून ती चांगली, की ती चांगली म्हणून देवांना आवडते? पहिलं उत्तर दिलं तर उद्या देवाला चोरी आवडली की चोरी चांगली ठरेल, आणि हे कुठल्याच भाविकाला पटत नाही. दुसरं दिलं तर चांगुलपणा देवाच्या आधीचा ठरला. भाविकांकडे याला उत्तर आहे, देव स्वभावानंच मंगल आहे, त्यामुळे निवड करायची वेळच येत नाही. पण 'मंगल' म्हणजे काय हे आधी कळल्याशिवाय ते वाक्यही पुरं होत नाही. मला वाटतं, इथे नास्तिकाची बाजू किंचित वरचढ आहे.

आपल्याकडे धर्म आणि नीती या दोन शब्दांचा तिढा बाबासाहेबांनी सर्वांत रोखठोक मांडला. 1957 मध्ये, त्यांच्या पश्चात निघालेल्या बुद्धावरच्या ग्रंथात ते म्हणतात की रिलिजनमध्ये नीती ही गाडीला जोडलेल्या डब्यासारखी असते, प्रसंग पडेल तशी जोडायची, प्रसंग पडेल तशी सोडायची. धम्मात तसं नाही. तिथे नीती हाच धम्म. त्याच्या कितीतरी आधी, 1883च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीरावांनी साखळी लावली होती, 'विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली'. जोतीराव निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, मानणारे, तेव्हा नास्तिक नव्हेत. तरी नीती कशामुळे गेली हे सांगताना त्यांनी भक्ती गेली असं म्हटलं नाही, मती गेली म्हटलं. आणि संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्मस्वातंत्र्य सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवलं आहे. नीती धर्मातूनच निघत असती तर धर्माला तिच्या अधीन ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

'जनाची नाही, निदान मनाची तरी लाज बाळग' असं आपण म्हणतो. या म्हणण्यात दोनच न्यायालयं आहेत, लोक आणि स्वतःचं मन. आस्तिकाला तिसरं आहे, ते त्यानं वापरावं. पण रोजच्या रागावण्यात मराठी माणूस पहिल्या दोघांवर काम भागवतो, एवढं खरं.

'नैतिक'बद्दल एक तक्रार मात्र आहे. 'अनैतिक' हा शब्द आपण फार अरुंद करून ठेवलाय. 'अनैतिक संबंधातून खून', पोलिसांचा 'अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष', कायदा 'अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा'. वर्तमानपत्रात हा शब्द दिसला की बाकी बातमी न वाचता कळते. दुधात पाणी घालणारा, बिल्डरकडून टक्केवारी खाणारा हे भ्रष्ट, लबाड, चालू. अनैतिक कोणी म्हणत नाही. नीती शयनगृहात कोंडली की उरलेल्या घरात तिची गरज वाटेनाशी होते, आणि मग पैशाच्या व्यवहारात नीती शोधायला आरतीची हजेरी घ्यावी लागते.

आता इतिवृत्त. 'अधर्मी' लिहू नका. ते वर्णन नव्हे, आरोप आहे, आणि आरोपाला पुरावा सभेपुढे आलेला नाही. 'निधर्मी', 'नास्तिक' लिहिण्याचंही कारण दिसत नाही, कारण खजिनदाराच्या पात्रतेचा तो भागच नाही. सूचक, अनुमोदक, बाजूनं किती, विरोधात किती, एवढं पुरे. काकांची हरकत नोंदवायलाच हवी असं त्यांचं म्हणणं असेल तर त्यांचं वाक्य अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं घाला.

मसुद्यात तुम्ही अनुमोदकांचं बोलणं 'ते नितीमान आहेत' असं टिपलंय. तिथे नी दीर्घ, ति ऱ्हस्व, 'नीतिमान'. 'नीती' एकटा आला की दोन्ही दीर्घ. समासात पहिला आला किंवा त्याला संस्कृत प्रत्यय लागला की त्यातलं 'ती' हे अक्षर ऱ्हस्व होतं, म्हणून नीतिशास्त्र, नीतिमत्ता. शेवटी आला की पुन्हा दीर्घ, म्हणून राजनीती.