जुन्या लॅपटॉपवर कोणते लिनक्स घ्यावे आणि त्यात मराठीचे काम नीट होईल का?

आपला प्रश्न मी असा समजलो: फोंड्याला घरी सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत हा प्रोसेसर बसत नाही. आपल्याला देवस्थानच्या उत्सवाची पत्रके आणि जत्रेतल्या नाटकाच्या संहिता मराठीत टंकायच्या आहेत, मुलीचा अभ्यास त्यावर व्हायला हवा, आणि पत्नीच्या दुकानाचे हिशेब टॅलीत आहेत. ज्याला विचारावे तो वेगळे नाव सांगतो, म्हणून नेमके काय घ्यावे, असे आपण विचारले आहे.

लिनक्स ही विंडोजच्या जागी बसवता येणारी प्रणाली आहे, आणि तिचे वेगवेगळ्या नावांनी मिळणारे तयार संच म्हणजे वितरणे. त्यांतल्या लिनक्स मिंटची, सिनॅमन ही पडद्याची मांडणी असलेली आवृत्ती घ्यावी, हे माझे उत्तर. मात्र त्यामागचे कारण नावापेक्षा महत्त्वाचे आहे, कारण तेच कारण लावून आपण उद्या दुसरे काही निवडलेत तरी फसणार नाही. वितरण निवडताना आपण खरे तर एकच गोष्ट निवडत असतो, ती म्हणजे आपला संगणक आपल्या हाताखाली किती वेगाने बदलत राहणार. बाकी सगळे, म्हणजे पडद्याचे रूप, रंग, मेनू, ब्राउझर, नंतर बदलता येते. फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला सुमारे तेरा महिने पाठिंबा मिळतो; आर्चमध्ये आवृत्ती असा प्रकारच नाही, नवे ते सतत येत राहते. ज्याला संगणक हाच छंद आहे त्याच्यासाठी दोन्ही उत्तम आहेत. याउलट उबुंटूची दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षे चालते. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी असल्यामुळे तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळत राहतील. डेबियनही तितकेच संथ आणि भरवशाचे आहे, पण पहिल्या दिवशीची मांडामांड तिथे थोडी अधिक करावी लागते. जत्रेच्या आदल्या आठवड्यात पत्रक छापायचे असताना संगणकाची आवृत्ती बदलणे म्हणजे ऐन आषाढात घराची कौले उतरवणे आहे. संथ वितरण घेतले की हा प्रसंग सहसा येत नाही.

पडद्याच्या मांडणीबद्दल लोक जितके भांडतात तितके त्यात काही नाही. सिनॅमनमध्ये खाली पट्टी, डावीकडे मेनू आणि उजवीकडे घड्याळ असते, त्यामुळे विंडोजची सवय असलेल्या घरात कोणालाही काही शिकवावे लागत नाही. ग्नोम ही दुसरी मांडणी देखणी आहे, पण त्यात खिडक्या हाताळण्याची पद्धतच निराळी आहे. एकटे वापरणार असाल तर जरूर पाहावे, घरातल्या तिघांचा संगणक असेल तर टाळावे. केडीई प्लाझ्मामध्ये जवळजवळ सगळेच बदलता येते, आणि माझ्या मते तोच त्याचा धोका आहे, कारण संहिता लिहायला बसलेला माणूस तासभर खिडक्यांच्या कडा गोल करत राहतो. रॅम ४ जीबी असती तर मी एक्सएफसीई ही हलकी मांडणी सुचवली असती. आपल्या ८ जीबीत सिनॅमन आरामात चालेल, पण फिरती हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, मात्र बसवून घ्या. त्या एका बदलाने जो वेग मिळेल तो कोणतेही वितरण देऊ शकणार नाही.

आता मराठी. मी म्हापशात अक्षरजुळणीचे काम करतो, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. टंकनासाठी आयबस ही सोय आणि तिच्यासोबत एम१७एन हा संच बसवावा. त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट, गमभन, रेमिंग्टन अशा अनेक मांडण्या मिळतात. आपण रोमन अक्षरांवरून मराठी लिहीत आला असाल तर गमभन लगेच जमेल. मुलीने मात्र सुरुवातीपासून इनस्क्रिप्ट शिकावे असे मी म्हणेन. स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला अशी त्या मांडणीची ढोबळ रचना एकदा बोटांत बसली की कोणत्याही संगणकावर ती उपयोगी पडते, आणि शाळेतली कोकणीही नागरीतच असल्यामुळे तीच मांडणी पुरते. तिच्यात ‘ळ’ हा ‘ल’च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळतो, आणि ‘सुऱ्या’ लिहिण्यासाठी साध्या ‘र’ऐवजी शिफ्ट दाबून ‘ऱ’, मग हलन्त आणि मग ‘य’ असा क्रम घ्यावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण ‘सुर्या’ छापून मोकळे होतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ साली आले, त्यामुळे जुन्या मांडण्यांत आणि जुन्या फॉन्टमध्ये ते सापडेलच असे नाही. काम सुरू करण्यापूर्वी तेवढे एक अक्षर टंकून पाहावे.

लिब्रेऑफिस या लेखनाच्या साधनात एक गोष्ट आवर्जून करा. पर्यायांतल्या भाषांच्या विभागात जाऊन जटिल लिपींची, म्हणजे देवनागरीसारख्या लिपींची, सोय चालू करावी आणि तिथली भाषा मराठी ठेवावी. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची आपल्या वळणाची रूपे असतात, पण मजकूर मराठी आहे हे लिब्रेऑफिसला सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत आणि पत्रकात हिंदी वळणाचे ‘ल’, ‘श’ दिसत राहतात. पत्रकाच्या मांडणीसाठी स्क्रायबस वापरायचे असेल तर १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्यावी. ती जानेवारी २०२४ मध्ये आली, १.४ ही आधीची स्थिर मालिका जोडाक्षरे तोडत असे.

नाटकाच्या मंडळाकडच्या जुन्या संहिता बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील. त्या फॉन्टची फाइल लिनक्सवर बसवली तर मजकूर दिसेल आणि छापताही येईल, पण आत साठवलेली अक्षरे रोमनच असतात, म्हणून शोध लागत नाही आणि फॉन्ट हरवला की हाती नुसता कचरा उरतो. रूपांतर करून घ्यावे हे उत्तम. रूपांतरानंतर ऱ्हस्व इकार आणि रफार यांच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर फिरवावी, कारण जुन्या पद्धतीत इकार अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकला जाई, तर युनिकोडमध्ये दोन्ही उच्चाराच्या क्रमाने साठवले जातात, आणि चुका नेमक्या तिथेच राहतात.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे आपल्याला सांगायला नको. लॅपटॉपची बॅटरी मेली असेल तर आधी ती बदला किंवा इन्व्हर्टरवर काम करा. मिंट नेहमी ज्या ईएक्सटी४ पद्धतीने डिस्क आखते तिच्यात बदलांची नोंदवही असते, म्हणून अचानक वीज गेली तरी फाइलींची व्यवस्था सहसा शाबूत राहते. नाटकाचा न साठवलेला अंक मात्र जातोच. लिब्रेऑफिसची आपोआप जतन करण्याची मुदत दोन-तीन मिनिटांवर आणून ठेवा. टाइमशिफ्ट हे साधन अपडेटपूर्वीची प्रणाली परत आणून देते, आणि ते पहिल्याच दिवशी लावावे. पण ते आपल्या स्वतःच्या फाइली मूळ मांडणीत वगळते, हे अनेकांना उशिरा कळते. त्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी घ्यावी लागते, आणि ती डिस्क गोव्याच्या दमट हवेत उघडी न ठेवता हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी.

टॅलीबद्दल आडपडदा न ठेवता लिहितो. ती प्रणाली विंडोजसाठीच आहे, आणि तिला लिनक्सवर युक्त्या करून चालवण्याच्या मागे दुकानाचे हिशेब लावू नयेत. डिस्कवर विंडोज शेजारी राहू द्यावे आणि हिशेबापुरतेच उघडावे, किंवा लिनक्सच्या आतच दुसरी प्रणाली चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये ठेवावे. ८ जीबी रॅममध्ये दुसरा मार्ग चालतो पण सुस्तावतो, म्हणून आपल्यासाठी पहिला बरा. विवरणपत्रांसाठी डिजिटल सहीचे टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर आहे का, हे ते देणाऱ्याला विचारून घ्या. नसेल तर तेही काम विंडोजकडे जाईल. प्रिंटरच्या बाबतीत, नेटवर्कवरून ड्रायव्हरविना छापणारे नवे प्रिंटर बहुधा आपोआप ओळखले जातात, अडचण येते ती स्वतःची खास भाषा बोलणाऱ्या जुन्या स्वस्त लेझर प्रिंटरांची.

म्हणून काहीही पुसण्यापूर्वी मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा आणि वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तपासा. वायफाय सापडले नाही तर मोबाइल यूएसबी वायरने जोडून त्याचे इंटरनेट द्या. तेवढ्यावर ड्रायव्हर उतरवता येतो. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर आधी त्यातले फास्ट स्टार्टअप, म्हणजे पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याची सोय, बंद करा, नाहीतर विंडोजची डिस्क लिनक्समधून वाचता येईल पण तिच्यावर लिहिता येणार नाही. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. आणि लिनक्समधून परतल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर घाबरू नका. लिनक्स यंत्रातले घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजते; टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, ‘टाइमडेटसीटीएल’ची एक आज्ञा देऊन लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावले की दोघांचे जुळते.