धरण आटले, पक्षी गेले: ही उत्क्रांती म्हणायची का?

तुम्ही विचारले आहे की, २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडल्यावर धनेगावच्या बाजूचे पाणपक्षी दिसेनासे झाले आणि पाऊस झाल्यावर परत आले, तर दुष्काळाने पक्ष्यांची उत्क्रांती होते असे म्हणावे का. या उदाहरणापुरते तरी तसे म्हणता येणार नाही. पाणी आटले की बदके, चमचे आणि करकोचे दुसरा जलाशय गाठतात. त्यात त्यांची जागा बदलते, आनुवंशिक घडण तीच राहते.

दुष्काळ उत्क्रांती घडवतो, हे मात्र अगदी खरे आहे. त्यासाठी एकाच जातीच्या पक्ष्यांमध्ये मुळात फरक असावा लागतो, तो आईबापांकडून पिलांत उतरणारा असावा लागतो आणि त्या फरकामुळेच काही पक्षी जगावेत व काही मरावेत, अशी परिस्थिती ओढवावी लागते.

याचे सर्वांत नीट मोजलेले उदाहरण पॅसिफिक महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्नी मेजर या लहानशा बेटावरचे आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून तेथील फिंच या बिया खाणाऱ्या लहान पक्ष्यांच्या पायांत ओळखीची कडी घालून त्यांच्या चोची मोजल्या. १९७७ मध्ये तेथे पाऊस जवळजवळ झालाच नाही. मऊ, बारीक बिया आधी संपल्या आणि मागे उरल्या त्या मुख्यतः ट्रिब्युलसच्या टणक बिया. हा ट्रिब्युलस म्हणजे आपल्या माळरानावर चपलेत रुतणाऱ्या सराट्याचा भाऊबंद. वाळलेला सराटा हातात घेऊन पाहा: त्याच्या पाच फाका सहज सुटतात, पण दगडाने ठेचल्याशिवाय एकाही फाकेतले बी हाती लागत नाही. ते फोडण्याची ताकद जाड चोचीतच होती. सुमारे १२०० पक्ष्यांपैकी १८० च्या आसपास उरले आणि उरलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी आधीपेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने जास्त भरली. येथवर झाली ती नैसर्गिक निवड, म्हणजे कोण जगले आणि कोण मेले एवढेच. पुढच्या वर्षीची पिलेही जाड चोचीची निघाली, म्हणून तिला उत्क्रांती म्हणता येते. एकाही पक्ष्याची चोच दुष्काळात वाढली नव्हती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे ‘पक्ष्यांनी जुळवून घेतले’ असे सरसकट म्हटले जाते आणि तेथेच घोटाळा होतो.

हा बदल एकाच दिशेने चालत राहत नाही. १९८३ च्या अतिवृष्टीनंतर त्याच बेटावर बारीक बियांचे पीक आले आणि पुढील कोरड्या काळात लहान चोचीचे पक्षी अधिक टिकले.

आपल्या अंगणातील चिमणीचेही उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती उत्तर अमेरिकेत नेऊन सोडण्यात आली आणि साधारण शंभर वर्षांतच थंड उत्तरेकडील चिमण्या अंगाने मोठ्या, तर वाळवंटी भागातील फिकट रंगाच्या झाल्याचे १९६४ मध्ये नोंदवले गेले.

त्यामुळे धनेगावच्या तुमच्या नोंदी जपून ठेवा. कोणत्या महिन्यात कोणते पक्षी गेले आणि परतले, हे त्यांतून नक्की कळेल. उत्क्रांतीचा प्रश्न मात्र तुमच्या शिवारातील चिमण्या किंवा मुनिया यांच्याबाबत विचारावा लागेल, आणि त्यासाठी परवानगी घेऊन कडी घालणे, आईबाप आणि पिले या दोघांच्याही चोची मोजणे आणि दुष्काळाआधीची मापे हाताशी असणे आवश्यक आहे.