कोंबडीच्या शेपटीखालची जखम: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत: गुदद्वाराजवळची जखम. कोंबडीची विष्ठा, लघवीचा पांढरा भाग आणि अंडं ही तिन्ही एकाच वाटेने बाहेर येतात. त्यामुळे इथली जखम रोज घाण होते, अंडं देताना रोज ताणली जाते आणि दुसऱ्या कोंबड्यांच्या चोचीला अगदी सहज सापडते.

प्रश्न: एका कोंबडीच्या गुदद्वाराखालची पिसं गेली आहेत, कातडी सोलली आहे आणि थोडं रक्त येतंय. सगळ्यात आधी काय करू?

आधी तिला वेगळी काढा, औषध नंतर शोधा. लाल रंग दिसला की बाकीच्या कोंबड्या टोचत राहतात आणि नाण्याएवढी जखम संध्याकाळपर्यंत पोटापर्यंत खोल जाते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी पाच मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून बघू नका.

मग तिला टॉवेलात गुंडाळा. पंख मिटलेले राहतील असं धरा, पण छातीवर दाब नको. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच श्वास घेता येतो. घट्ट आवळल्याने चांगली धडधाकट कोंबडी हातात गुदमरू शकते. तिला उताणी करून ठेवणंही टाळा.

एक लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा, विरघळवा आणि कोमट होऊ द्या. वाळलेली विष्ठा ओढून काढू नका, खालची कातडी सोबत येते. पसरट भांड्यात हे पाणी घेऊन तिचा मागचा भाग दहा मिनिटं बुडवून ठेवा, घाण आपोआप सुटते. त्यानंतर सुई नसलेल्या सिरिंजने न वापरलेल्या मिठाच्या पाण्याची हलकी धार सोडून जखम धुवा. भोवतीची पिसं कात्रीने कापा, उपटू नका. नव्याने येणाऱ्या पिसाच्या दांडीत रक्त असतं, ते तुटलं तर नवा रक्तस्राव सुरू होतो. शेवटी मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडी करा. ओल्या अंगाने तिला वाऱ्यात ठेवायचं नाही.

आता जखम नीट दिसेल. फक्त कातडी सोलली असेल तर घरी उपचार जमतात. आत भोक गेलेलं असेल, आतडं दिसत असेल, वास येत असेल किंवा कोंबडी पिसं फुलवून डोळे मिटून बसली असेल, तर पशुवैद्याकडे जा. आतडं बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलेलं गॉज वर ठेवून, ते ओलं राखून घेऊन जा.

प्रश्न: धुतल्यावर कोणतं औषध लावावं? घरात माणसांचं वेदनाशामक मलम आहे.

ते लावू नका. बधिर करणारी औषधं पक्ष्यांना फार कमी मात्रेतही बाधतात, आणि चोचीने पिसं साफ करताना ती पोटातही जातात. पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण पाण्यात फिक्या कोऱ्या चहासारखं दिसेल इतकं पातळ करून दिवसातून दोनदा लावा. गडद आयोडीन किंवा स्पिरिट लावलं म्हणजे जास्त गुण येतो असं नाही. नव्याने भरून येणारी कातडीच जळते. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच.

घरी पुष्कळ जण जखमेवर काही ना काही पूड दाबून भरतात. इथे मात्र ती विष्ठेत कालवून घट्ट लगदा होतो आणि खाली पू साठतो. पट्टीही बांधू नका, वाट बंद होते. गोंद किंवा घरचे टाकेही नकोत. माझ्या मते या जागी औषधापेक्षा धुणं आणि कोरडं ठेवणं जास्त काम करतं. वेगळ्या पिंजऱ्यात भुशाऐवजी स्वच्छ कापड किंवा कागद अंथरा आणि तो दिवसातून दोन-तीनदा बदला. भुसा जखमेला चिकटतो. हातमोजे घाला आणि काम झालं की हात साबणाने धुवा, कारण कोंबडीच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

प्रश्न: काल फक्त घाण दिसत होती, आज जखमेत पांढरं काहीतरी वळवळतंय.

अळ्या आहेत, आणि याला उद्यावर टाकायचं नाही. माशी ओल्या, विष्ठा लागलेल्या पिसांत अंडी घालते; उष्ण हवेत ती एका दिवसाच्या आत फुटतात. अळ्या वरची मेलेली कातडी खाऊन थांबतीलच असं नाही, काही जिवंत मांसातही शिरतात. बाहेर दिसणाऱ्या पाच-सहा अळ्यांच्या मागे कातडीखाली पोकळीत डझनभर असू शकतात.

भोवतीची सगळी पिसं मोकळेपणाने कापा. मिठाच्या कोमट पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. पाणी गेलं की अळ्या श्वासासाठी वर येतात, तेव्हा चिमट्याने एकेक उचला. पिसांना चिकटलेले, तांदळाच्या कण्यांसारखे पांढरट पुंजकेही काढा, ती माशीची अंडी आहेत. दर चार-पाच तासांनी पुन्हा बघा, कारण एका वेळी सगळ्या निघत नाहीत. माश्या मारण्याचा फवारा उघड्या जखमेत मारू नका, तो रक्तात उतरतो. जखमेची पोकळी बोटभर खोल असेल, तर अळ्या काढण्यासाठी डॉक्टरच हवेत. कोंबडीला माशीबंद जाळीत ठेवा.

प्रश्न: गुदद्वारातून लालसर, ओला गोळा बाहेर आला आहे. ही जखमच का?

नाही, हे अंग बाहेर आलं आहे. अंडं देताना अंडनलिकेचा शेवटचा भाग क्षणभर बाहेर येतो आणि लगेच आत जातो. अंडं फार मोठं असेल, तलंग (तरुण कोंबडी) फार लवकर अंड्यावर आली असेल, कोंबडी लठ्ठ असेल किंवा कॅल्शियम कमी पडत असेल, तर तो आत जात नाही.

गोळा कोमट मिठाच्या पाण्याने धुवा आणि क्षणभरही वाळू देऊ नका. सूज असेल तर साखर लावून दहा मिनिटं ठेवा, साखर सुजेतलं पाणी ओढते. मग धुऊन, पाण्यात विरघळणारं वंगण लावून, मोजे घातलेल्या बोटाने हलकेच आत सरकवा. जोर लावायचा नाही. आत अंडं अडकलेलं जाणवलं किंवा गोळा काळसर पडला, तर थांबा आणि डॉक्टरांकडे जा. आत गेला तर तिला काही दिवस आठ तासांपेक्षा कमी उजेडात ठेवा, अंडी देणं मंदावतं. पोटात तयार असलेली एक-दोन अंडी तरीही येतील, तेव्हा लक्ष ठेवा.

प्रश्न: या काळातली अंडी खावी का?

पू किंवा रक्त लागलेली नको. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं असेल तर किती दिवस अंडी टाकायची ते त्यांनाच विचारा. स्वतःहून माणसांच्या गोळ्या देऊ नका.

प्रश्न: बरी झाली की पुन्हा तिथेच टोचतात. काय चुकतंय?

बहुतेक वेळा खुराड्यात कारण सापडतं. वर सांगितलेला तो ओला लाल भाग अंडं देताना बाहेर दिसला की शेजारणी टोचतात. म्हणून अंडी घालायची खोकी अंधारी आणि पुरेशी हवीत, साधारण चार-पाच कोंबड्यांमागे एक. तीव्र उजेड, गर्दी आणि खाद्यात प्रथिनं किंवा मीठ कमी पडणं, यानेही चोची चालतात. एकच कोंबडी टोचत असेल तर जखमीऐवजी तिलाच काही दिवस बाहेर काढून बघा. पिसं बाजूला करून कातडीही तपासा: हलणारे बारीक लाल-काळे ठिपके किंवा पिसांच्या बुडाशी पांढऱ्या अंड्यांचे गुच्छ दिसले तर माइट्स (अंगावरचे अगदी बारीक किडे) किंवा उवांवर उपचार सगळ्या कळपाला करावे लागतील.

खपली पडून गुलाबी कातडी झाकली जाईपर्यंत तिला परत सोडू नका. तोवर जाळीपलीकडून एकमेकींना दिसू द्या, नाहीतर परतल्यावर ती पाहुणी ठरते आणि मार खाते. सोडताना संध्याकाळची वेळ बरी. दुसऱ्या दिवशी सकाळी तास-दोन तास जवळ थांबा, आणि कुणी तिच्या शेपटीखाली मान घातली तर लगेच उचलून पुन्हा वेगळी ठेवा.